अनामत रक्कम परत मिळते, माहितीचं काय?

"आपल्याकडे काय अणुबॉम्बचे नकाशे आहेत का, मॅडम?"

प्रवेश समितीच्या बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य खरंच झकास होतं. निमित्त साधं होतं. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची एक्सेल फाइल कुणीतरी समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती आणि ती तिथून काढू या, एवढंच मी म्हटलं होतं. फाइलीत रकाने होते ते असे: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मोबाइल, आधार क्रमांक, प्रवर्ग, वार्षिक उत्पन्न, बँक खातं, आयएफएससी कोड. ग्रुपमध्ये छत्तीस माणसं होती. त्यांतले दोघे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक केव्हाच दुसऱ्या गावी गेले होते. एक जण फीचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा मुलगा होता. त्याला ग्रुपमध्ये कुणी घेतलं हे कुणालाच आठवेना.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे वाचणाऱ्या दहा प्राध्यापकांपैकी आठांना ते आपलंच वाटेल. नकाशांचा प्रश्न मात्र तिथेच सोडून द्यावा असा नाही. त्यामागे एक पक्की समजूत आहे आणि ती ऑफिसपासून व्यवस्थापनापर्यंत सगळ्यांची आहे: विद्यार्थ्याची माहिती एकदा अर्जावर आली की ती कॉलेजची झाली. ही समजूत ज्या युक्तिवादांवर उभी आहे, ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद नकाशांचाच. लपवण्यासारखं आहे काय त्यात?

मागच्या वर्षी एक मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. घरच्यांनी ठरवलेलं लग्न मोडून शिकायला आलेली, त्यासाठी गाव सोडलेली. नवा नंबर तिने कॉलेज आणि बँक सोडून कुठेही दिला नव्हता. त्या नंबरवर फोन सुरू झाले. शोध घेतला तेव्हा वर्गाची यादी नंबरांसकट सूचनाफलकावर लावलेली सापडली. कुणीतरी उभ्या उभ्या यादीचा फोटो काढला असणार. यादी लावणाऱ्या क्लार्कच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलांना एकमेकांशी संपर्क करता यावा म्हणून त्याने नंबरांचा रकाना ठेवला होता.

दुसरं उदाहरण तर रोजचं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेल्या मुलाला फोन येतो: तुमचा अर्ज अडकलाय, खातं आधारशी जोडलेलं दिसत नाही, ओटीपी सांगा. फोन करणाऱ्याला मुलाचं नाव, कोर्स, योजना, बँक आणि खात्याचे शेवटचे चार आकडे ठाऊक असतात. एवढं माहीत असलेला माणूस सरकारीच असणार, असं खेड्यातून आलेल्या पोराला वाटलं तर त्याला भोळा म्हणायचं का? चोराचं निम्मं काम आपल्या एक्सेलने आधीच करून दिलेलं असतं.

यातली विषमताही पाहा. पूर्ण फी भरून खुल्या जागेवर येणारा मुलगा चार कागद देतो. महाडीबीटीवर अर्ज करणारी मुलगी जातीचा दाखला देते, व्हॅलिडिटी देते, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, रेशनकार्ड, गॅप पडली असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, वसतिगृहाचा दाखला, वडील नसतील तर त्यांचा मृत्यूचा दाखला. ज्याच्या पदरी कमी, त्याला स्वतःबद्दल जास्त उघड करावं लागतं. मग यादी फुटते तेव्हा सर्वांत जास्त कुणाचं उघडं पडतं, हे वेगळं सांगायला नको. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये भेदभावविरोधी सूचना काढून विद्यार्थ्यांना बजावलं की एकमेकांना जेईई ॲडव्हान्स्डची रँक, गेटचे गुण किंवा जात कळेल असं काही विचारू नका. ठीकच केलं. पण प्रवर्गाचा रकाना भरलेली हजेरीची यादी वर्गात फिरत असेल, तर विचारायची गरजच कुणाला उरते?

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे, म्हणून त्याला जास्त जागा देते. पारदर्शकता. "याद्या लावल्या नाहीत तर प्रवेशात घोटाळा होईल. गुपचूप प्रवेश देणाऱ्यांना रानच मोकळं होईल."

हे म्हणणाऱ्यांची चेष्टा मी करणार नाही. गुणवत्ता यादी भिंतीवर लागणं ही गरीब घरच्या मुलांची कमाई आहे. चिठ्ठीवर आणि देणगीवर प्रवेश होत असत त्या काळात उघडी यादी हेच त्यांचं हत्यार होतं. माझाच बारावीनंतरचा प्रवेश मी भिंतीवरच्या यादीत बोट फिरवून शोधलेला आहे. तेव्हा यादी लागलीच पाहिजे. वाद आहे तो यादीत काय असावं आणि ती किती दिवस असावी, याचा.

गुणवत्ता तपासायला काय लागतं? अर्ज क्रमांक, गुण, जागेचा प्रकार आणि हरकतीच्या मुदतीपुरतं नाव. मोबाइल लागत नाही, जन्मतारीख लागत नाही, बापाचं उत्पन्न लागत नाही. अपंगत्वाची टक्केवारी आणि प्रकार तर मुळीच लागत नाही. कुणाला दाखल्याबद्दल शंका असेल तर हरकत घेऊन ऑफिसात कागद तपासता येतो; त्यासाठी तो कागद जगासमोर टांगावा लागत नाही.

मोठ्या परीक्षेतही हे जमतं, हे आपण पाहिलेलं आहे. २०२४ च्या नीटच्या वादात तेवीस लाखांहून अधिक परीक्षार्थींचा प्रश्न होता आणि देशभर संशय होता. १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने एनटीएला शहरनिहाय आणि केंद्रनिहाय निकाल जाहीर करायला सांगितलं, आणि विद्यार्थ्यांची ओळख झाकायलाही सांगितलं. दोन दिवसांत तसा निकाल लागला. कुठल्या केंद्रावर किती जणांना किती गुण, हे सगळ्या देशाने पाहिलं आणि एकाही मुलाचं नाव चव्हाट्यावर आलं नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिकांच्या भरतीसंदर्भात इतर उमेदवारांचे गुण माहिती अधिकारात द्यायला सांगितले, कारण सरकारी भरती शंकेपलीकडे असली पाहिजे. मी त्या निकालाच्या बाजूने आहे. गुण मागणं ही पारदर्शकता आहे. फोन नंबर वाटणं हा नुसता आळस आहे, आणि आळसाला पारदर्शकतेचा झगा चढवू नये.

आता मुदतीचं. भिंतीवरची यादी पावसात भिजायची, कोपऱ्यातून फाटायची, पुढच्या जूनमध्ये तिच्यावर दुसरी यादी चिकटायची. ती विसरली जायची आणि ते बरंच होतं. वेबसाइटवरच्या यादीवर दुसरी यादी चिकटत नाही. नॅकसाठी म्हणून कॉलेजांनी आपल्या साइटवर काय काय चढवून ठेवलंय ते एकदा गूगलवर शोधून पाहा. नॅकच्या तक्त्यात नोकरी लागलेल्या विद्यार्थ्याचं नाव आणि संपर्क असा रकाना असतो. तक्ता भरायचा असतो, पुरावा द्यायचा असतो, म्हणून कुणीतरी अख्खी फाइल सर्वांना दिसेल अशी टाकतं आणि लिंक डकवून देतं. समिती येते, चहा-नाश्ता होतो, श्रेणी मिळते. फाइल तिथेच राहते. त्यातली मुलं आज दोन मुलांचे बाप झाली असतील.

तिसरा युक्तिवाद: "हीच पोरं इन्स्टाग्रामवर सगळं टाकत असतात. त्यांना नाही फिकीर, आपण कशाला करायची?" याला मोठं उत्तर लागत नाही. माझ्या घराचं दार मी उघडं ठेवलं म्हणून शेजाऱ्याने माझं कपाट उघडायचं नसतं. इन्स्टावर काय टाकायचं हे मुलगी ठरवते. कॉलेजच्या अर्जात काय भरायचं हे ती ठरवत नाही. तारांकित रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढेच सरकत नाही. सक्तीने घेतलेल्या वस्तूची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते.

आणि सक्ती तरी किती करायची? सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की यूजीसी, सीबीएसई, नीट यांना आधार बंधनकारक करता येणार नाही. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई आहे. तरी सप्टेंबर २०२३ मध्ये यूजीसीला विद्यापीठांना पत्र लिहून सांगावं लागलं की तात्पुरत्या प्रमाणपत्रावर आणि पदवीवर पूर्ण आधार क्रमांक छापू नका. पदवी दिवाणखान्यात फ्रेम करून लावतात, हो! तिच्यावर आधार क्रमांक छापायचा विचार कुणाच्या तरी डोक्यात आला होता, म्हणूनच हे पत्र निघालं.

चौथा: "पालकांना कळायला नको का?" इथे मला थोडं अडखळायला होतं, कारण हजेरी कमी पडलेल्या मुलाच्या आईला फोन मीही केलेला आहे. पण मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, मतदान करतो. त्याची प्रगती त्याच्यासमोर बसून पालकांना सांगणं वेगळं आणि "मी तिचा काका बोलतोय, आज लेक्चरला आली होती का" असं विचारणाऱ्या कुठल्याही आवाजाला हजेरीपत्रक वाचून दाखवणं वेगळं. वर सांगितलेल्या मुलीच्या बाबतीत फोन करणाराही "काका"च होता. आपल्याकडे अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. नव्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं मूल ते बालक, त्याच्यासाठी पालकांची संमती लागते. अठरानंतर निर्णय त्याचा. एकाच खिडकीवर दोन नियम चालवावे लागतील. अवघड आहे, अशक्य नाही.

पाचवा युक्तिवाद मी सहानुभूतीने ऐकते, कारण तो ऑफिसातल्या माणसांचा आहे. "मॅडम, आम्ही चार जण. पदं भरलेली नाहीत. प्रवेशाच्या दिवसांत रात्री नऊ वाजतात. सुरक्षा बघायला माणूस कुठून आणू?"

बरोबर आहे. म्हणूनच प्रश्न कुठे आहे ते दाखवायला तुम्हाला कॉलेजच्या फाटकाबाहेर नेते. तिथे झेरॉक्सचं दुकान आहे, आत तीन कॉम्प्युटर. शिष्यवृत्तीचे अर्ज बहुतेक मुलं इथेच भरतात, कारण घरी कॉम्प्युटर नाही आणि मोबाइलवर कागद अपलोड होता होत नाहीत. दुकानदार भला माणूस आहे, पैसे नसले तर उधारीवर भरून देतो. त्याच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या बाजूला युजर आयडी, उजवीकडे पासवर्ड. पासवर्ड बहुतेकांचे एकाच साच्यातले: नावाची चार अक्षरं, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे एक-दोन-तीन. मुलं पासवर्ड विसरतात, हप्ता अडकला की परत येतात, म्हणून तो वहीत लिहून ठेवतो. डेस्कटॉपवर फोल्डरांची रांग लागलेली: "एससी २३-२४", "ओबीसी नवीन", "व्हॅलिडिटी पेंडिंग". सगळ्यांचे दाखले उघडे. खराब निघालेल्या प्रतींचा गठ्ठा कोपऱ्यात. त्याच्या कोऱ्या बाजूवर तो हिशेब लिहितो. आठवड्यातून एकदा गठ्ठा रद्दीत जातो.

या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. कॉलेजने जे काम आपल्या छपराखाली करायला हवं होतं, ते तो तीस रुपयांत करतोय. कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस कॉम्प्युटर दुपारी तीननंतर बंद असतात. अर्जाच्या महिन्यात ते उघडे ठेवले, एनएसएसची चार मुलं मदतीला बसवली, तर त्या वहीची गरज उरणार नाही. याला किती पैसा लागतो?

बाकीच्या गोष्टींनाही पैसा लागत नाही. आधारची प्रत हवीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी झाकलेली प्रत घ्या. ती सोय आधार प्राधिकरणानेच दिलेली आहे. प्रवर्ग आणि उत्पन्नाची फाइल शिष्यवृत्तीच्या टेबलापुरती ठेवा. हजेरी घेणाऱ्याला रोल नंबर आणि नाव पुरे. एक्सेलला पासवर्ड लावा आणि तो त्याच ग्रुपवर पाठवू नका. नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन त्याच्या शेवटच्या दिवशी बंद करा. सॉफ्टवेअर कंपनीशी करार करताना एक ओळ घाला: करार संपला की माहिती परत करायची आणि तुमच्याकडची पुसायची. हरकतीची मुदत संपली की यादी उतरवा. ही कामं तज्ज्ञाची नाहीत, सवयीची आहेत.

शेवटचा युक्तिवाद सर्वांत आरामशीर: "आता कायदा आलाय, तो बघून घेईल."

कायदा जरूर आलाय. त्याच्या आधी पाया घातला गेला तो २४ ऑगस्ट २०१७ ला. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड, फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं, काम संपलं की पुसायचं. वाचायला छान वाटतं. पण बारीक अक्षरंही वाचा.

संस्थांवरची ही मुख्य बंधनं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. याच कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबाबतचं कलम बदलून नागरिकाचा हात आखडला. तो बदल मात्र लगेच लागू झाला. सरकारकडून माहिती मिळवण्याची वाट त्याच दिवशी अरुंद झाली आणि आपली माहिती सांभाळून घेण्यासाठी दीड वर्ष थांबा, असा हा क्रम आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्या मुलीचा नंबर फुटला तिला त्यातला रुपया मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं नुकसानभरपाई देणारं कलम ४३अ होतं, तेही या कायद्याने काढून टाकायचं ठरलंय. उलट तिची तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर दहा हजारांपर्यंत दंड तिलाच. आणि हा कायदा डिजिटल माहितीचा आहे. ऑफिसच्या पोटमाळ्यावर सुतळीने बांधलेले गठ्ठे, ज्यांत पंधरा वर्षांपूर्वीच्या मुलांचे दाखले आहेत, ते त्याच्या कक्षेतच नाहीत.

फुटल्यावर कळवण्याची आपली सवय कशी आहे तेही आठवा. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची नव्वद हजारांहून अधिक हॉल तिकिटं टेलिग्रामवर फिरली. बाकी माहिती सुरक्षित आहे, असं आयोगाने सांगितलं. राज्याच्या लोकसेवा आयोगाची ही गत, तर तालुक्याच्या कॉलेजात काही फुटलं तर ते कुणाला कळेल? सायबर घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायची, हा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. आपल्या कॉलेजात हे किती जणांना ठाऊक आहे, ते उद्या स्टाफरूममध्ये विचारून पाहा.

तेव्हा कायद्याच्या आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल: ही माहिती कॉलेजची नाही. आणि हे मी एकटी म्हणत नाही. जुन्या पदवी-नोंदींच्या गाजलेल्या प्रकरणात दिल्ली विद्यापीठाने दिल्ली उच्च न्यायालयात हीच भूमिका मांडली की विद्यार्थ्यांची माहिती आम्ही विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. त्या निकालाच्या राजकारणात मला शिरायचं नाही. पण "विश्वस्त" हा शब्द न्यायालयात वापरायचा असेल, तर तो सूचनाफलकासमोर, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आणि रद्दीवाल्याच्या तराजूपुढेही वापरावा लागेल. याची दुसरी बाजू सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलीय: उत्तरपत्रिका खुद्द परीक्षार्थीने मागितली तर त्याला ती नाकारता येणार नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नियम सोपा होतो. परक्यापासून झाका, मालकाला दाखवा.

आपण नेमकं उलटं करतो. मालकाला स्वतःच्या टीसीसाठी तीन खिडक्या, दोन सह्या आणि "साहेब जेवायला गेलेत". परक्याला सगळी यादी एका बोटावर.

प्रवेशाच्या वेळी आपण विद्यार्थ्याकडून अनामत रक्कम घेतो. तिची पावती देतो, रजिस्टरला नोंद करतो, लेखापरीक्षणात तिचा हिशेब देतो. मुलगा कॉलेज सोडताना ग्रंथालयाचं ना-हरकत आणलं की ती परत करतो. पाचशे रुपयांसाठी एवढी शिस्त आपल्याला जमते. त्याच अर्जावर घेतलेल्या दाखल्यांची पावती नाही, कुणी पाहिले याची नोंद नाही, परत करायची तर भाषाच नाही.

तेव्हा पालकांनो आणि मुलांनो, यंदा अर्ज भरताना खिडकीवर तीन प्रश्न विचारा: हा रकाना कशासाठी, हे कोण कोण पाहणार, आणि केव्हा नष्ट करणार? उत्तर लेखी मागा. सुरुवातीला हसतील. आम्हीही हसलो होतो.

बैठकीनंतर ती एक्सेल ग्रुपवरून काढली गेली. तोवर ती तिथे अकरा दिवस होती. छत्तीसपैकी किती फोनांत ती उतरली, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.